विश्लेषण : भोपाळचा विषारी कचरा जळाला, मग जमीन अजूनही दूषित कशी?

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा ३० जून २०२५ पर्यंत जाळून संपवण्यात आला. चाळीस वर्षांनी हा प्रश्न मिटला, असा अनेकांचा समज झाला. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच २४ जुलै रोजी केंद्र सरकारने रसायनांनी दूषित झालेल्या जमिनी शोधून त्या स्वच्छ करण्यासाठी देशातील पहिले स्वतंत्र नियम अधिसूचित केले. या दोन घटना एकत्र पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. कचरा उचलणे, जमीन शुद्ध करणे आणि त्या जमिनीवर पुन्हा काही उभारणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत. आपल्याकडे पहिले काम झाले की उरलेली दोनही झाली, असे गृहीत धरले जाते. जुन्या कारखान्यांच्या आणि डम्पिंग ग्राऊंडच्या जागांवर घरे उभी राहत असताना हा फरक महाराष्ट्रातील वाचकांनीही समजून घ्यायला हवा.

भोपाळमध्ये नेमके काय जाळले गेले?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू गळला आणि हजारो लोकांचा बळी गेला. त्यानंतर कारखाना बंद झाला, पण आतली रसायने, अर्धवट तयार झालेली कीटकनाशके आणि टाक्यांतील गाळ तिथेच राहिला. यातील जमिनीवर दिसणारा कचरा २००५ मध्ये गोळा करून आवारातील गोदामात ठेवण्यात आला. चुनामिश्रित सुमारे ४० टन गाळ २००८ मध्ये धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे नेऊन पुरण्यात आला. २०१५ मध्ये १० टन कचऱ्याचे चाचणीदाखल ज्वलन झाले. त्यानंतर ३३७ टन कचरा उरला. त्यात १६२ टन दूषित माती, ९२ टन ‘सेव्हिन’ कीटकनाशक व नॅफ्थॉलचे अवशेष, ५४ टन अर्धप्रक्रिया झालेला माल आणि २९ टन रिअॅक्टरमधील अवशेष होते.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये चार आठवड्यांची मुदत दिल्यानंतर १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनर भोपाळहून पिथमपूरकडे निघाले. तिथे तीव्र आंदोलन झाले. न्यायालयाच्या देखरेखीखाली फेब्रुवारी-मार्चमध्ये १०-१० टनांच्या तीन चाचण्या झाल्या. उरलेला ३०७ टन कचरा ५ मेपासून तासाला २७० किलो या वेगाने जाळण्यात आला. कचऱ्यात चुना व इतर पदार्थ मिसळावे लागत असल्याने मागे उरलेली राख आणि अवशेष ८०० टनांहून अधिक भरले. म्हणजे पुरायची राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त झाली आणि ती कुठे पुरायची हा वादही न्यायालयात गेला.

मग मागे काय उरले?

मागे उरली ती माती आणि तिच्याखालचे पाणी. नागपूरच्या ‘नीरी’ने हैदराबादच्या ‘एनजीआरआय’सोबत २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात कारखान्याच्या परिसरातील सुमारे ११ लाख टन माती शुद्धीकरणाची गरज असलेली ठरली. जळालेला कचरा ३३७ टन आहे. त्यामुळे या अंदाजाच्या तुलनेत हाताळले गेलेले प्रमाण टक्क्याच्या तीन शतांश भागाइतकेच भरते.

पैशांचा हिशेब केला तर प्रश्नाचा आकार अधिक स्पष्ट होतो. ३३७ टन कचऱ्यासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. म्हणजे टनामागे सुमारे ३७ लाख रुपये. याच दराने ११ लाख टन माती जाळायची म्हटली तर खर्च चार लाख कोटी रुपयांच्या पुढे जाईल. हे कोणीही करणार नाही आणि करण्याची गरजही नाही, कारण मातीसाठी स्वस्त पद्धती उपलब्ध आहेत. पण जाळण्याचे काम झाले म्हणून जागेचे काम झाले असे का म्हणता येत नाही, ते या आकड्यांवरून कळते.

हे प्रदूषण गॅसकांडामुळे झाले का?

नाही. अनेकांची इथे गल्लत होते. वायू हवेत मिसळून गेला. जमिनीत मुरलेले विष कारखाना सुरळीत चालू असतानाचे आहे. १९६९ पासून तयार होणारा रासायनिक कचरा आवारात ठिकठिकाणी टाकला जात होता. १९७७ मध्ये सांडपाणी उन्हाने वाळवण्यासाठी कारखान्याच्या उत्तरेला मोठे तलाव बांधण्यात आले आणि त्यांना प्लास्टिकचे अस्तर घालण्यात आले. हे तलाव गळत असल्याचे गॅसकांडापूर्वी दोन वर्षे, १९८२ मध्येच, कंपनीच्या अंतर्गत पत्रव्यवहारात नोंदले गेले होते.

म्हणजे १९८४ ची ती रात्र आलीच नसती, तरी भोपाळमध्ये दूषित जमिनीचा प्रश्न उभा राहिलाच असता. देशातील इतर शेकडो कारखान्यांच्या बाबतीतही हेच लागू होते. तिथे कधी स्फोट झाला नाही, बातमी झाली नाही, म्हणून जमीन स्वच्छ आहे असा अर्थ होत नाही.

विष पाण्यापर्यंत पोहोचते कसे?

दूषित जागेचा धोका मोजताना तीन गोष्टी पाहिल्या जातात : विषाचा स्रोत, ते पसरण्याचा मार्ग आणि त्याची झळ बसणारा माणूस. तिन्ही जोडल्या गेल्या तरच अपाय होतो. स्रोत म्हणजे मातीतील रसायन. मार्ग म्हणजे पावसाचे झिरपणारे पाणी, उडणारी धूळ, जमिनीतून वर येणारी वाफ किंवा त्या मातीत पिकलेली भाजी. झळ बसते ती हातपंपाचे पाणी पिणाऱ्या कुटुंबाला किंवा त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना.

भोपाळच्या मातीत हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, अल्डिकार्ब, कार्बारिल, डायक्लोरोबेन्झिन आणि पारा सापडला आहे. यातील काही क्लोरीनयुक्त द्रव्ये पाण्यापेक्षा जड असतात. ती भूजलावर तरंगत नाहीत, खाली बुडतात आणि खडकाच्या भेगांत साचून राहतात. तिथून ती वर्षानुवर्षे थोडी थोडी पाण्यात विरघळत जातात. म्हणूनच वरचा कचरा उचलल्यावरही खालच्या पाण्यात रसायने सापडत राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचे आदेश दिले ते यामुळेच. नळ आल्याने मार्ग काही प्रमाणात तुटला, स्रोत मात्र जागेवरच आहे.

कचरा हलवायलाच वीस वर्षे का लागली?

कारण तो कोणालाच आपल्या गावात नको होता. आधी गुजरातमधील अंकलेश्वर येथील भट्टीचा विचार झाला. गुजरातने नकार दिला. त्यानंतर नागपूरजवळ बोरखेडी येथील ‘डीआरडीओ’च्या केंद्राचे नाव पुढे आले. विदर्भातून विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले आणि महाराष्ट्रानेही तयारी दाखवली नाही. २०१२ मध्ये जर्मनीच्या ‘जीआयझेड’ या संस्थेने कचरा तिकडे नेऊन जाळण्याची तयारी दर्शवली, पण काही महिन्यांतच तीही मागे हटली. शेवटी सर्व रस्ते पिथमपूरलाच येऊन थांबले.

पिथमपूरच्या रहिवाशांचा सवालही रास्त होता : भोपाळचे विष आमच्या गावात का? कचरा उचलून दुसरीकडे नेणे हा दिसायला सोपा पर्याय असतो. प्रत्यक्षात त्यामुळे धोका बऱ्याचदा एका वस्तीच्या दारातून दुसऱ्या वस्तीच्या दारात जातो. म्हणून जगभरात जमेल तिथे माती जागेवरच शुद्ध करण्यावर भर असतो.

दूषित जमीन स्वच्छ करतात कशी?

एकच पद्धत सगळीकडे चालत नाही. रसायन कोणते आहे, माती कशी आहे आणि पाणी किती खोल आहे, यावर ती ठरते. प्रमुख पद्धती अशा :

खोदून नेणे : दूषित माती काढून अस्तर असलेल्या सुरक्षित खड्ड्यात पुरतात. काम लवकर होते, पण माती स्वच्छ होत नाही. तिची फक्त जागा बदलते.

माती धुणे : पाणी आणि रसायनांच्या साह्याने वाळू-खडी वेगळी केली जाते. विष प्रामुख्याने बारीक कणांना चिकटलेले असते. तेवढाच गाळ वेगळा काढून हाताळावा लागतो. उरलेली माती पुन्हा वापरता येते.

उष्णता देणे : माती तापवून त्यातील रसायनांची वाफ केली जाते आणि ती वाफ पकडून नष्ट केली जाते. कीटकनाशके व पाऱ्यासाठी ही पद्धत उपयोगी ठरते. मात्र इंधनाचा खर्च मोठा असतो.

जिवाणूंकडून काम करून घेणे : तेल व काही सेंद्रिय रसायने जिवाणू खाऊन टाकतात. त्यांना हवा आणि पोषणद्रव्ये पुरवावी लागतात. ही पद्धत स्वस्त आहे, पण संथ. शिसे, क्रोमियम, पारा यांसारखे धातू जिवाणू नष्ट करू शकत नाहीत.

पाणी उपसून शुद्ध करणे : भूजल बाहेर काढून गाळले जाते. अनेक ठिकाणी हे काम दशकानुदशके चालते.

झाकून ठेवणे : वरून चिकणमाती व प्लास्टिकचे थर देऊन पाऊस आत जाणार नाही अशी व्यवस्था करतात. याला ‘कॅपिंग’ म्हणतात. विष तिथेच राहते, फक्त मार्ग बंद होतो. म्हणून त्यावर कायम देखरेख ठेवावी लागते.

‘स्वच्छ’ म्हणजे किती स्वच्छ?

खरा वाद या प्रश्नावर होतो. जमिनीचा पुढचा वापर काय असेल, त्यावर मर्यादा ठरते. गोदामासाठी चालणारी माती शाळेच्या मैदानासाठी चालत नाही, कारण लहान मुले मातीत खेळतात आणि ती थोडीफार त्यांच्या तोंडातही जाते.

तमिळनाडूतील कोडाईकनालचे उदाहरण बोलके आहे. तिथला पारा वापरणारा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. जागेच्या शुद्धीकरणासाठी एक किलो मातीत २० मिलिग्रॅमपर्यंत पारा चालेल, अशी मर्यादा घालण्यात आली. निवासी वापरासाठी ती सुरक्षित असल्याचे सांगण्यात आले. शेजारी जंगल आणि पाणलोट क्षेत्र असताना ही मर्यादा फार सैल आहे, असा आक्षेप पर्यावरण कार्यकर्त्यांनी घेतला. वाद वर्षानुवर्षे चालला. मर्यादा जितकी कडक, तितकी जास्त माती हाताळावी लागते आणि तितका खर्च वाढतो. त्यामुळे हा आकडा ठरवताना टेबलावर कोण बसले होते, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

खर्च कोणी करायचा?

‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी स्वीकारले आहे. वसुली मात्र कठीण असते. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाचा अनुभव पाहा. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘एच-अॅसिड’ बनवणाऱ्या कारखान्यांमुळे विहिरींचे पाणी तपकिरी झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कंपन्यांनाच खर्च करायला लावणारा ऐतिहासिक निकाल दिला. तरीही पैसे आले नाहीत. अखेर २०११ मध्ये न्यायालयाला ३७.३८५ कोटी रुपये १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. निकाल लागून तोपर्यंत पंधरा वर्षे झाली होती.

भोपाळमध्ये गुंता आणखी वाढतो. युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतील आपला हिस्सा १९९४ मध्ये विकला. मूळ अमेरिकी कंपनी २००१ मध्ये ‘डाऊ केमिकल’ने घेतली. आपली जबाबदारी नाही, अशी डाऊची भूमिका आहे. कारखान्याची जागा १९९८ मध्ये राज्य सरकारच्या ताब्यात आली. सरकारने मागितलेल्या वाढीव भरपाईची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. परिणामी, कचरा जाळण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशांतून झाला.

अमेरिकेने यावर कोणता मार्ग काढला?

न्यूयॉर्क राज्यातील ‘लव्ह कॅनॉल’ या प्रकरणाने तिथला कायदा घडवला. एका रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ दरम्यान जुन्या कालव्याच्या खड्ड्यात सुमारे २१ हजार टन कचरा पुरला आणि ती जागा अवघ्या एका डॉलरला शाळा मंडळाला विकली. तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली. १९७० च्या दशकात तळघरांत रसायने झिरपू लागली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून शेकडो कुटुंबांना हलवावे लागले.

त्यानंतर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला. त्याची दोन वैशिष्ट्ये होती. एक, कचरा टाकताना तो कायदेशीर होता की नाही याचा विचार न करता जुन्या प्रदूषकांनाही जबाबदार धरता येते. दोन, प्रदूषक सापडला नाही किंवा दिवाळखोर निघाला तर काम अडू नये म्हणून रसायन आणि तेल उद्योगांवरील करातून निधी उभा केला गेला. हा कर १९९५ मध्ये संपला, तेव्हा भार सर्वसामान्य करदात्यांवर आला. २०२१ आणि २०२२ मधील कायद्यांनी तो पुन्हा लागू केला.

कडक जबाबदारीचा एक दुष्परिणामही झाला. जुनी जागा घेतली तर आपल्यावरच खटला येईल, या भीतीने विकासक शहरातील बंद कारखान्यांच्या जागांना हात लावेनात. म्हणून १९९५ मध्ये ‘ब्राऊनफिल्ड’ कार्यक्रम सुरू झाला. ब्राऊनफिल्ड म्हणजे प्रदूषणामुळे, किंवा प्रदूषण असेल या शंकेमुळे, पडून राहिलेली जागा. माती तपासणीसाठी नगरपालिकांना अनुदान, शुद्धीकरणासाठी कर्ज आणि आधी चौकशी करून प्रामाणिकपणे जागा घेणाऱ्याला कायदेशीर संरक्षण, असे त्याचे स्वरूप आहे. २००२ मध्ये त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला.

लव्ह कॅनॉलमधील कचरा मात्र आजही तिथेच आहे. तो झाकून, भोवती कुंपण घालून, गळणारे पाणी शुद्ध करत ठेवला आहे. २००४ मध्ये ही जागा प्राधान्य यादीतून वगळली गेली, देखरेख मात्र सुरूच राहिली.

भारताचे नवे नियम काय सांगतात?

पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ अंतर्गत आलेल्या या नियमांनी पहिल्यांदाच कामाचा क्रम घालून दिला आहे. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत नमूद १८९ रसायनांपैकी कशाचे प्रमाण अधिक आहे, हे पाहायचे. पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून जागा दूषित आहे की नाही ते निश्चित करायचे. दूषित ठरल्यास ते ठिकाण जाहीर करायचे आणि तिथल्या वावरावर निर्बंध घालायचे. त्यानंतर शुद्धीकरणाचा आराखडा तयार होईल.

प्रदूषण कोणी केले, हे शोधण्यासाठी मंडळाला ९० दिवस आहेत. खर्च त्यानेच करायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल, तर केंद्र आणि राज्य मिळून व्यवस्था करतील. देशात अशा १०३ जागा आधीच निश्चित झाल्या आहेत. नियम आले तेव्हा त्यापैकी केवळ सात ठिकाणी काम सुरू झाले होते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण मुदतीची. तपासणीला दिवस ठरवून दिले आहेत, पण दूषित ठरलेली जागा किती काळात सुरक्षित करायची, याची मुदत नियमांत नाही. दुसरी अडचण सुरुवातीचीच. संशयित जागा शोधण्याचे काम जिल्हा प्रशासनावर आहे. मातीतील क्रोमियम किंवा पारा डोळ्यांना दिसत नाही आणि तो शोधण्याची यंत्रणा तालुका पातळीवर नसते. तिसरी अडचण व्याप्तीची. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि शहरांचे डम्पिंग ग्राऊंड या नियमांतून वगळले आहेत. त्यांच्यासाठी वेगळे कायदे असल्याचे कारण त्यासाठी दिले गेले.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही औद्योगिक क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली होती. २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले.

देवनार, मुलुंडचे काय?

ही डम्पिंग ग्राऊंड नव्या नियमांत येत नाहीत. त्यांचे काम घनकचरा व्यवस्थापनाचे नियम आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वच्छ भारत अभियान (शहरी) २.०’ यांच्या चौकटीत चालते. तिथे ‘बायोमायनिंग’ केले जाते. म्हणजे जुना कचरा उकरून, वाळवून, चाळून त्यातील माती, जळाऊ भाग आणि दगड-विटा वेगळ्या केल्या जातात. इंदूरने २०१८ मध्ये देवगुराडिया येथील सुमारे १३ लाख टन कचरा अशाच पद्धतीने हटवून १०० एकर जागा मोकळी केली.

मुंबईचे आकडे यापेक्षा खूप मोठे आहेत. २०१८ मध्ये बंद झालेल्या मुलुंड डम्पिंग ग्राऊंडवरील सुमारे ७० लाख टन कचऱ्याचे ७३१ कोटींचे कंत्राट दिले गेले आणि काम मुदतीत संपले नाही. १९२७ पासून वापरात असलेल्या देवनारमध्ये सुमारे १८५ लाख टन कचरा आहे. तो हटवण्यासाठी महापालिकेने मे २०२५ मध्ये २,३६८ कोटी रुपये अंदाजित खर्चाची तीन वर्षांची निविदा काढली. त्याआधी, २०२४ मध्येच, या जागेपैकी सुमारे १२४ एकर धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना बंद केलेल्या कचराभूमीवर आणि तिच्यापासून १०० मीटरपर्यंत घरे, शाळा, रुग्णालये नकोत असे सांगतात. कचरा पूर्ण काढून टाकल्यावर ती जागा कचराभूमी उरत नाही, असा युक्तिवाद प्रकल्पाच्या बाजूने केला जातो. हा युक्तिवाद टिकायचा असेल तर कचरा निघाल्यानंतर खालची माती, भूजल आणि मातीतील वायू यांची तपासणी होऊन तिचे निष्कर्ष लोकांपुढे यायला हवेत. जवळपास शंभर वर्षे मुरलेले पाणी कचऱ्यासोबत ट्रकमध्ये भरून नेता येत नाही.

असे दुर्लक्ष मुंबईने एकदा अनुभवलेही आहे. मालाडच्या चिंचोळी बंदर येथील जुन्या डम्पिंग ग्राऊंडवर व्यापारी संकुल उभे राहिले आणि जमिनीतून येणाऱ्या वायूंमुळे तिथल्या कार्यालयांतील संगणकांचे भाग गंजू लागल्याच्या तक्रारी पुढे आल्या.

पुनर्विकास नीट झाल्याचे उदाहरण आहे का?

लंडनमधील २०१२ चे ऑलिम्पिक पार्क हे त्यातले सर्वांत परिचित. पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्ड भागात कारखाने, भंगाराची आवारे आणि कचऱ्याचे ढीग होते. बांधकामाआधी जागेवरच माती धुण्याची यंत्रे बसवण्यात आली. त्या ठिकाणाला ‘मातीचे रुग्णालय’ असे म्हटले जाई. सुमारे २० लाख टन माती शुद्ध करून तिचा मोठा भाग तिथेच वापरला गेला. स्पर्धेनंतर तिथे उद्यान आणि घरे झाली.

यात तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा होता तो क्रम. आधी तपासणी, मग वापर निश्चित करणे, मग त्या वापराला साजेसे शुद्धीकरण आणि शेवटी बांधकाम. आपल्याकडे बऱ्याचदा आधी प्रकल्प जाहीर होतो आणि माती तपासण्याचा विषय नंतर निघतो.

जुन्या कारखान्याच्या जागी घर घेताना काय पाहावे?

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत बंद कंपन्यांच्या जागी गृहसंकुले होत आहेत. यातील प्रत्येक जागा दूषित असते असे मुळीच नाही. परंतु सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर जमीन कोणाची हे कळते, मातीत काय मुरले आहे ते कळत नाही. म्हणून काही गोष्टी स्वतः विचारून घ्याव्यात.

जागेवर पूर्वी काय होते? रंग, कीटकनाशके, विद्युत मुलामा, चामडे, बॅटरी, औषधे किंवा तेलसाठा यांच्याशी संबंधित उद्योग असेल तर माती तपासणीचा अहवाल मागावा.

२० हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. तिची कागदपत्रे केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर पाहता येतात. माती व पाण्याचे नमुने कोणत्या घटकांसाठी तपासले, ते वाचावे. फक्त आम्लता आणि नत्र-स्फुरद तपासले असेल तर जड धातूंबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

संकुलात बोअरवेलचे पाणी वापरले जाणार असेल तर जड धातू आणि सेंद्रिय रसायनांसाठी त्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

परिसरात जुना रासायनिक कचरा पुरला असल्याची शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवून पोच घ्यावी. संशयित जागांची सहामाही यादी करण्याची जबाबदारी नव्या नियमांनी आता प्रशासनावर टाकली आहे.

भोपाळमध्ये पुढे काय?

कारखान्याच्या जागेवर स्मारक उभारण्याची कल्पना दोन दशकांपासून चर्चेत आहे. स्मारकाला रोज माणसे भेट देतील, तिथे माळी काम करतील, शाळांच्या सहली येतील. त्यामुळे त्या आधी माती किती आणि कोणत्या मर्यादेपर्यंत शुद्ध करायची, हे ठरवावे लागेल. २०१० चा अंदाज आता दीड दशक जुना झाला आहे. या काळात दूषित पाणी भूगर्भात पुढे सरकले असण्याची शक्यता असल्याने परिसराचे नव्याने सर्वेक्षण करणे हे पहिले काम आहे.

नव्या नियमांची परीक्षाही इथेच होईल. देशातील सर्वांत प्रसिद्ध दूषित जागेचा आराखडा, खर्चाचा वाटा आणि मुदत जाहीर झाली, तर उरलेल्या शंभर जागांच्या भोवती राहणाऱ्यांना काही आशा धरता येईल. तोपर्यंत भोपाळच्या त्या वस्त्यांसाठी बदल एवढाच आहे, की गोदाम रिकामे झाले आहे. हातपंपाच्या पाण्यात काय आहे, हा प्रश्न पूर्वी होता तिथेच आहे.